कवटीचे माप आणि मेंदूची जोडणी

राखीव जागांचा विषय निघाला की पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींच्या तोंडी ‘गुणवत्ता’ हा शब्द हमखास येतो. आता त्याला विज्ञानाचे नवे अस्तर लागते आहे. मेंदूतील जोडण्याच आनुवंशिक असतात आणि यंत्रावर त्या दिसतात, असे मी अलीकडे वरचेवर ऐकतो. बोलणारे जातीचा उच्चार करीत नाहीत. करण्याची गरजही नसते. या म्हणण्याची चिकित्सा पुण्यातच झाली पाहिजे. मापांवरून माणूस ठरविण्याचा एक जुना खटाटोप याच शहरातील एका विदुषीने तपासून पाहिला होता.

इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीत मिश्र संततीची मापे घेऊन वंशवादाला शास्त्राचा मुखवटा चढविणारा हा माणूस पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. युरोपीय माणसाची कवटी डाव्या-उजव्या अंगांनी अधिक असमान, म्हणून त्याची विवेकशक्ती अधिक, असे त्याचे गृहीतक होते. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे मार्गदर्शकाच्या तोंडावर मांडले. या धैर्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

मात्र पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी मोजपट्टी पुन्हा जातींना लावली. प्रश्न निराळा होता: जाती एकातून फुटल्या की निरनिराळे गट एकत्र आले? के. सी. मल्होत्रांबरोबर १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना आहे. त्या परस्परांहून वेगळ्या दिसतात. माझा आक्षेप मापांना नाही. या मांडणीत जात म्हणजे विस्तारलेले आप्तकुल होते आणि पाणवठ्यावरून हाकललेला माणूस पानाबाहेरच राहतो. बाबासाहेबांनी अशीच मापे वेगळ्या नजरेने वाचली. ‘द अनटचेबल्स’मध्ये (१९४८) त्यांनी घुर्यांनी दिलेले नाकांचे आकडे घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवून अस्पृश्यतेचे वांशिक मूळ नाकारले.

आता नवे माप पाहू. माणसाला एम.आर.आय. यंत्रात काहीही न करता पडून राहायला सांगतात. मेंदूच्या दूरदूरच्या भागांतील रक्तप्रवाहाचे चढउतार एकाच लयीत होतात, हे भरत बिस्वाल यांनी १९९५ साली दाखविले. या एकलयीलाच जोडणी म्हणतात. टेक्सासमधील मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांच्या २०१०च्या अभ्यासात अशा एका जाळ्याच्या जोडणीची आनुवंशिकता सुमारे ४२ टक्के आली.

हे ४२ टक्के नीट समजून घेतले पाहिजेत. बापाकडून ४२ टक्के मेंदू मिळाला, असा त्याचा अर्थ नाही. त्या माणसांत, त्या परिस्थितीत आढळलेल्या फरकांपैकी एवढा वाटा जनुकांतील फरकांशी निगडित, इतकेच. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो. प्रभात रोडवरचा मुलगा आणि येरवड्याच्या वस्तीतला मुलगा यांच्यातील अंतराबद्दल तो मुका आहे. एकाला पोटभर अन्न आणि अभ्यासाची खोली, दुसऱ्याला दोन्ही नाही, हे त्या आकड्याच्या हिशेबात येतच नाही. शिवाय यंत्रात डोके जरा हलले तरी जोडणीचे चित्र बिघडते.

आठ हजारांवर माणसांचा ब्रिटिश अभ्यास २०१८ साली आला. मेंदूच्या रचनेच्या मापांत आनुवंशिकता ठळक, विश्रांतीतील जोडण्यांत मात्र बरीच फिकी, असे त्यात दिसले. त्या जनुकीय विश्लेषणासाठी निवडलेली माणसे ब्रिटिश वंशाची होती. मातंग मुलाच्या गुणपत्रिकेचा अर्थ लावण्यासाठी तो अभ्यास झालेला नाही. चित्पावन मुलाच्याही नाही.