घर कामगाराचं, किल्ली कुणाकडे? इंदापूर-बारामतीच्या कामगार-वस्त्यांविषयी

कामगारांसाठी बांधलेल्या घरांचा इतिहास म्हटला की आपल्याकडे गाडी थेट मुंबईला जाते. आज ती आपल्याला नीरा डाव्या कालव्यावर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आणायची आहे. पण मुंबईला एक थांबा घ्यावाच लागेल, कारण मोजपट्टी तिथे मिळते.

१८९६ला मुंबईत प्लेग आला आणि १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने काही चाळी बांधल्या, पण पाडापाडीच जास्त केली. मग १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. उद्दिष्ट होतं ५०,००० खोल्यांचं. उभ्या राहिल्या २०७ चाळी, म्हणजे साधारण १६ हजार खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. या घरांवर टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती झालेलीही आहे. पण एक गोष्ट त्या टीकेत निसटते. बीडीडी चाळीतल्या माणसाची भाडेपावती गिरणीची नव्हती, सरकारची होती. मालकाने कामावरून काढलं, तर पगार जायचा. खोली त्याच दिवशी जात नव्हती. १९८२च्या संपात गिरणगाव इतके महिने तग धरून राहिलं, त्याची कारणं अनेक आहेत. डोक्यावरचं छप्पर मालकाच्या हातात नव्हतं, हे त्यांतलं एक, असं आम्हाला वाटतं.

ही मोजपट्टी घेऊन आता इंदापुरात येऊ.

नीरा डावा कालवा १८८५चा, दुष्काळी मुलखासाठी काढलेला. पाणी आलं, ऊस आला. १९३२मध्ये देशी साखरेला जकातीचं संरक्षण मिळालं आणि कारखाने भराभर उभे राहिले. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांचा कारखाना त्याच लाटेतला. त्याभोवती वसलेलं गाव म्हणजे वालचंदनगर. त्याची गोष्ट आपण नेहमी एकाच चालीत ऐकतो: ओसाड माळ, द्रष्टा उद्योजक, मग शाळा, दवाखाना, बाजार, घरं. ही गोष्ट खोटी नाही. ज्या माणसाच्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार होती, त्याला नळ आणि दवाखाना मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही गोष्ट बंगल्याच्या व्हरांड्यातून सांगितली जाते. तिथून घरं मोजता येतात. त्या घरात माणूस कुठल्या अटीवर राहतो, ते तिथून दिसत नाही.

अट साधी होती. कारखान्याच्या वसाहतीतलं घर हुद्द्याबरोबर येतं आणि हुद्द्याबरोबर जातं. साहेबाला बंगला, कारकुनाला क्वार्टर, कामगाराला चाळीतली खोली. निवृत्ती आली, नोकरी सुटली, की खोली सोडायची. म्हणजे हे घर पगाराचाच एक भाग, फक्त त्याची किल्ली मालकाकडे.

मग सरकार मालक झालं तर? इंदापुरात हा प्रयोग खरंच झाला. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कारखान्यांनी खंडाने घेतलेल्या जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३मध्ये त्यांच्यासाठी शेती महामंडळ निघालं. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे मळे त्यातलेच. मळ्यावरचा कामगार आणि त्याची खोली, दोन्ही सरकारच्या ताब्यात गेली. पण अट तीच राहिली. पुढे खंडकऱ्यांना जमिनी परत करायचं ठरलं, तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला जुने उतारे होते. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेल्या कामगाराकडे हजेरीपत्रकावरचं नाव होतं. राहत्या घराखालची दोन गुंठे जागा नावावर करा, ही मागणी त्याला करावी लागली. मालक बदलल्याने घर ‘सार्वजनिक’ होत नाही. राहणाऱ्याला हक्क मिळाला तरच होतं.

आणि ही झाली ज्यांना निदान भिंती मिळाल्या त्यांची कथा. पुढे सहकारी कारखाने आले: भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर. मालकी शेतकऱ्याची झाली, कायम कामगारांसाठी कॉलन्या झाल्या. पण ऊस तोडणारा? तो बीडकडून, नगरकडून दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने सांगितलेल्या जागी बांबू, चटई, पाचट आणि आता वर प्लॅस्टिक टाकून कोपी उभी राहते. बाईला अंघोळीला आडोसा नाही. पट्टा पडला की कोपी मोडते. १९७९चा स्थलांतरित कामगारांचा कायदा निवाऱ्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकत होता, पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून इंदापूरला येणाऱ्याने सीमाच ओलांडलेली नसते!

यावर एक उत्तर हमखास येतं: पाच महिन्यांसाठी पक्की घरं कोण बांधणार? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फड बदलतो, टोळी हलते. पण माणसं बदलली तरी हंगाम नव्वद वर्षं दरसाल येतोच आहे. पाणी, संडास, न्हाणीघर आणि ओटा असलेले तळ गाळपाच्या गावांत बांधायला कुठली अडचण आहे? पैशांचं म्हणाल, तर बीडीडीच्या योजनेसाठी मुंबईत कापसाच्या गाठीमागे एक रुपया घेतला गेला होता. इथे ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे रक्कम घेण्याचं ठरलं आहे. त्यातून मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, ती चांगलीच आहे. पण ती वसतिगृहं त्यांच्या मूळ तालुक्यांत. ऊस जिथे तुटतो, तिथे आई-बाप कोपीतच.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. कामगार-गृहनिर्माणाचा इतिहास लिहिताना किती खोल्या बांधल्या, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की काम सुटल्यावर त्या खोलीत माणूस किती दिवस राहू शकत होता. ही मोजपट्टी लावली की अंधाऱ्या बीडीडी चाळी थोड्या वर सरकतात आणि नीटनेटकी वसाहत थोडी खाली. कोपी तर पट्टीवर चढतच नाही. पण ती इतिहासात नोंदवायलाच हवी, कारण कालव्याच्या या सगळ्या समृद्धीचा पहिला घाव त्याच कोयत्याने घातलेला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.