नोंदी वाढवाव्यात की सुधाराव्यात?

आंतरजालावरील सामूहिक ज्ञानकोशांची थोरवी नोंदींच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा पडली आहे. एखाद्या भाषेने अमुक लाखांचा टप्पा ओलांडला, की तिचे ज्ञानवैभव वाढले असे मानण्यात येते. हा निकष सदोष आहे, असे आमचे मत आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध झाले. परंतु छापलेली चूक पुढील आवृत्तीपर्यंत तशीच राहणार, ही मुद्रणाची मर्यादा होती. २००१ साली इंग्रजीत व २००३ साली मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियाने ती दूर केली. तेथील बहुतेक नोंदी कोणीही वाचक दुरुस्त करू शकतो आणि प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होतो. दुरुस्ती हेच या कोशाचे खरे सामर्थ्य होय.

संख्येच्या मोहाचे फलित काय होते? फिलिपाईन्समधील सेबुआनो भाषेचा विकिपीडिया नोंदींच्या संख्येत इंग्रजीखालोखाल आहे. त्यात साठ लाखांहून अधिक नोंदी आहेत; मात्र त्यांतील बहुतांश स्वेर्कर योहान्सन या स्वीडिश अभ्यासकाने रचलेल्या संगणकीय यंत्रणेने निर्माण केलेल्या आहेत. स्कॉट्स भाषेची कथा अधिक खेदजनक आहे. त्या भाषेचे यथार्थ ज्ञान नसलेल्या एका अमेरिकन तरुणाने वीस हजारांहून अधिक नोंदी लिहिल्या होत्या, हे २०२० साली उघडकीस आले. तोवर तीच विकृत भाषा जगापुढे स्कॉट्स म्हणून मांडली जात होती. संख्या वाढत होती. परीक्षण करणारे नव्हते.

तथापि, नवी नोंद अनावश्यकच, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे ठरेल. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांची नोंद नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेशा संदर्भांअभावी नाकारण्यात आला होता. संदर्भाचा नियम योग्यच आहे. परंतु ज्यांच्याविषयी ग्रंथांनी व वृत्तपत्रांनी मौन पाळले, त्यांचे ते मौन याच नियमाने नव्या कोशातही उतरते. उपेक्षितांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. अशा ठिकाणी प्रथम संदर्भसाहित्य प्रकाशात आणणे व नंतर नोंद लिहिणे, हाच सम्यक क्रम होय.

किंबहुना उपेक्षा केवळ नोंदीच्या अभावात नसते. विद्यमान नोंदीतील वगळलेल्या परिच्छेदातही असते. महाड शहराची माहिती शोधणाऱ्यास १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. शहराच्या नोंदीतच तो साधार व यथास्थित मांडला गेला, तर त्या वाचकापर्यंत पोहोचेल. सत्याग्रहावर स्वतंत्र नोंद असली, तरी त्याच्यासाठी तिच्याकडे जाणारी वाट शहराच्या नोंदीतूनच जाते.

म्हणून सुधारणा हा नियम असावा आणि नवनिर्मिती हा सकारण अपवाद. जो नवी नोंद लिहितो, त्याने तिच्या आधारांची व पुढील देखभालीची जबाबदारीही स्वीकारावी. ज्या नोंदीचे कोणी परीक्षण करीत नाही, तिला ज्ञान म्हणण्यास आम्ही तयार नाही.