जनगणनेची ऐतिहासिक सामग्री आणि नकाशे : उपलब्धता व उपयोगिता यांची चिकित्सा

प्रस्तावना :
भारतात १८७२ च्या सुमारास जनगणनेचा पहिला प्रयत्न झाला आणि १८८१ ते २०११ या काळात दर दहा वर्षांनी देशव्यापी गणना होत राहिली. इतकी दीर्घ व सलग सामग्री सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकास अन्यत्र क्वचितच लाभते. जुन्या अहवालांचे अनेक खंड आता स्कॅन केलेल्या स्वरूपात महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर वाचता येतात. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि, खंड उपलब्ध होणे आणि त्यांतील आकडेवारी संशोधनास उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत.

सीमाबदलाचा प्रश्न :
रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१.१ लाख होती; १९९१ मध्ये ती सुमारे १५.४ लाख नोंदली गेली. मुंबईकडे होणारे कोकणातील स्थलांतर सर्वश्रुत असल्याने ही घट कोणासही स्वाभाविक वाटेल. प्रत्यक्षात १ मे १९८१ रोजी, म्हणजे गणनेनंतर अवघ्या काही आठवड्यांत, सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९१ मधील त्याची सुमारे ८.३ लाख लोकसंख्या मिळविल्यास बेरीज २३.७ लाखांच्या आसपास जाते. म्हणजे घट नव्हे, वाढच झाली होती. चुकीचा निष्कर्ष येथे विश्वसनीय वाटतो, हाच खरा धोका होय.

मराठी प्रदेशाच्या बाबतीत ही अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. १९३१ मधील आकडे मुंबई इलाखा, मध्य प्रांत व वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांच्या निरनिराळ्या खंडांत विखुरलेले आहेत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर निघाला आणि २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. केवळ नावावरून शोध घेणाऱ्या अभ्यासकाचा माग येथे तुटतो.

व्याख्याबदलाचा प्रश्न :
सीमा स्थिर असल्या तरी शब्दांचे अर्थ बदलतात. १९७१ मध्ये मुख्य व्यवसायावर भर देऊन ‘काम करणारे’ या संज्ञेची व्याख्या बदलण्यात आली. परिणामी, १९६१ च्या तुलनेत स्त्री-कामगारांची संख्या एकाएकी घटलेली दिसते. त्यात व्याख्येचा वाटा मोठा आहे. तक्ते अहवालातील स्पष्टीकरणापासून वेगळे केले की नेमका हा संदर्भ हरवतो.

उपलब्ध साधनांचे मूल्यमापन :
महानिबंधक कार्यालयाने १८७२ ते २००१ या काळातील जिल्हे व राज्ये यांच्या जडणघडणीचा प्रशासकीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. सीमाबदल समजण्यास तो उपयुक्त आहे. मात्र छापील नकाशावर आकडे आपोआप बसत नाहीत. रीव्ह व्हॅनेमन व डग्लस बार्न्स यांनी १९६१ ते १९९१ या काळासाठी तुलनायोग्य जिल्हानिहाय सामग्री सिद्ध केली, परंतु वसाहतकाल तिच्या कक्षेबाहेर राहिला. याउलट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकल्पाने १७९० पासूनचे तक्ते व त्या त्या काळातील संगणकीय सीमा-नकाशे परस्परांशी जोडून विनामूल्य दिले आहेत. ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाचे कार्यही याच दिशेचे आहे. भारतीय सामग्रीत उणीव आहे ती या जोडणीची.

निष्कर्ष :
आगामी जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. जातींची सर्वंकष आकडेवारी यापूर्वीच्या जनगणनांपैकी १९३१ च्या जनगणनेतच अखेरची प्रसिद्ध झाली असल्याने नव्या आकड्यांची तुलना तिच्याशी होणे अटळ आहे. सीमा व व्याख्या न तपासता अशी तुलना झाल्यास तिचे दुष्परिणाम संशोधनापुरते मर्यादित राहणार नाहीत. प्रत्येक जिल्ह्यास व तालुक्यास कायम क्रमांक, मूळ पृष्ठाचा निर्देश असलेले संगणकीय तक्ते, गणनावर्षनिहाय सीमा-नकाशे आणि संज्ञांच्या टिपा या किमान गरजा होत. तुलनेसाठी आकडे जुळवून घेतले तरी मूळ आकडा शेजारी राहिला पाहिजे. महाविद्यालयांतील भूगोल, इतिहास व संख्याशास्त्र विभागांनी आपापल्या तालुक्यापासून हे काम संयुक्तपणे हाती घेतल्यास जुने खंड खऱ्या अर्थाने अभ्यासकाच्या हाती येतील.