‘इंटरमेल’चा वृत्तांत : एक चिकित्सा

तंत्रविषयक टिपणे इतिहासकाराला साधन म्हणून उपयोगी पडतात. परंतु ती स्वतःच चिकित्सेचा विषय होऊ शकतात, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. जुलै १९९० मध्ये वेस्टाइन, डीशॉन, पोस्टेल आणि वॉर्ड ह्या चौघांनी लिहिलेले व आर. एफ. सी. मालेत ११६८ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झालेले टिपण अशा चिकित्सेला सर्वथा पात्र आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत १९८१ पासून चाललेल्या एका प्रयोगाचा हा वृत्तांत होय. इंटरनेट आणि टेलिमेल, एम. सी. आय. मेल, डायलकॉम ह्या व्यापारी सेवा यांच्यात ई-टपालाची देवघेव घडवून आणणे, हा त्या प्रयोगाचा हेतू होता.

टिपणाचा आरंभीचा सिद्धान्त सरळ आहे. ह्या सर्व व्यवस्था स्वतंत्रपणे चालाव्यात अशाच बेताने रचल्या गेल्या. त्यामुळे एकीकडच्या माणसाने दुसरीकडे पत्र धाडण्याची सोय त्यांत नव्हती. ही उणीव ‘इंटरमेल’ने ज्या युक्तीने भरून काढली ती लक्षणीय आहे. पत्र प्रथम मधल्या पेटीकडे धाडावयाचे आणि ते पुढे कोणत्या सेवेत, कोणाच्या नावे जावे, हे पत्राच्या मजकुरातच अगदी वरच्या ओळींत लिहावयाचे. मधली यंत्रणा त्या ओळी वाचून पत्र पलीकडे रवाना करी.

वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. वस्तुतः येथे टपालाचा एक मूलभूत संकेत मोडला गेला आहे. १९८२ च्या आर. एफ. सी. ८२२ ने पत्त्याचा मथळा आणि पत्राचा मजकूर यांच्यात एक कोरी ओळ घालून दोहोंचे क्षेत्र वेगळे केले होते. ‘इंटरमेल’मध्ये दुसरा पत्ता पाकिटावरून पत्राच्या आत गेला. ह्याचे दोन परिणाम झाले. सूचनेत एखादी चूक राहिली तर पत्र मधल्या पेटीत अडकणार, आणि ते सोडविणाऱ्याला पत्रच उघडावे लागणार. शिवाय उत्तर आपोआप मूळ लेखकाकडे परतत नाही. पलीकडच्या माणसाला तीच सूचना नव्याने लिहावी लागते. प्रत्यक्ष व्यवहारात आलेल्या अडचणी टिपणकारांनी झाकून ठेवलेल्या नाहीत, हा त्यांच्या लेखनाचा मोठा गुण आहे. प्रयोगाच्या यशाचे पोवाडे गाणाऱ्या वृत्तांतांहून हे टिपण म्हणूनच अधिक विश्वसनीय ठरते.

परंतु टिपणाची कारणमीमांसा अपुरी आहे. रचनेतील भिन्नता हे त्यात मूळ कारण मानले आहे. वापरावरील निर्बंध मात्र केवळ मर्यादा म्हणून येतात. हा क्रम उलटा असावयास हवा होता. व्यापारी सेवेत ग्राहकाच्या नावे हिशेब चाले. संशोधन-जालात दर पत्रामागे आकारणीची पद्धतच नव्हती. सरकारी पैशाने उभारलेल्या त्या जालातून खाजगी व्यापाराची वाहतूक होऊ देणे हे धोरणाच्या विरुद्ध होते. टपालातील अशी सीमा भारतीय वाचकाला अपरिचित नाही. हैद्राबाद संस्थानची तिकिटे संस्थानाबाहेर चालत नसत. अडथळा कागदाचा वा शाईचा नव्हता, अधिकाराचा आणि महसुलाचा होता.

ह्या मताला त्याच काळातील दोन घटनांचा आधार मिळतो. काँप्युसर्व्ह सेवेत ग्राहकाचा क्रमांक अष्टमान अंकांच्या दोन गटांनी बनलेला असे व मध्ये स्वल्पविराम असे, पी. डी. पी.-१० संगणकाचा तो वारसा होता. इंटरनेटच्या पत्त्यांत स्वल्पविराम दोन पत्त्यांना विभागतो, म्हणून तो क्रमांक तेथे जसाच्या तसा चालेना. त्यावरचा उपाय एका चिन्हाचा होता : स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम लिहावयाचा. ओहायो राज्य विद्यापीठाच्या द्वारे १९८९ मध्ये ही देवघेव सुरू झाली. एम. सी. आय. मेलची गोष्ट निराळी. १९८३ मध्ये सुरू झालेल्या ह्या सेवेच्या उभारणीत ज्यांचा प्रमुख वाटा होता, त्याच व्हिंट सर्फ यांना ती इंटरनेटशी जोडण्यासाठी १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघीय जाल-परिषदेची अनुमती मिळवावी लागली. जोडणी १९८९ मध्ये झाली. इंटरनेटच्या मूळ संकेतांचे सहनिर्माते असलेल्या सर्फ यांच्यापाशी तंत्रज्ञानाची वाण खासच नव्हती. जी मिळवावयाची होती ती परवानगी.

टिपणकारांवर ह्याचा दोष कितपत ठेवावा, हा प्रश्न विचारणे न्याय्य आहे. शासनाच्या आश्रयाने चालणाऱ्या प्रयोगाच्या अहवालात शासनाच्या धोरणाचा प्रतिवाद अपेक्षिणे अवाजवी होईल. तथापि लेखकांची अडचण ही अभ्यासकाची अडचण होऊ नये. टिपणातील कारणमीमांसा जशीच्या तशी स्वीकारली, तर १९८९ नंतर भिंती यंत्रांच्या सुधारणेमुळे पडल्या असा समज दृढ होतो. धोरण बदलले म्हणून त्या पडल्या, हे मागे राहते.

हा भेद केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. ई-टपाल कोणत्याही सेवेतून कोणत्याही सेवेत जाते. आजच्या संदेश-सेवांना मात्र हा गुण स्वभावतः लाभलेला नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल बाजारपेठविषयक कायद्याने बड्या संदेश-सेवांवर परस्पर देवघेवीचे बंधन घातले, तेव्हा रचनेतील भिन्नतेचा मुद्दा पुन्हा पुढे आला. अशा प्रतिपादनाची छाननी करणाऱ्याने आर. एफ. सी. ११६८ अवश्य वाचावे; मात्र त्यातील अडचणींची यादी वाचताना प्रत्येक अडचणीपुढे ती यंत्राची, पैशाची की परवानगीची, हे मांडून पाहावे.