‘साक्ष’ आणि ‘स्मृतिचित्रे’

दिवाळीच्या सुट्टीत एकाने मोठ्याने वाचावे आणि घरातल्या सर्वांनी भोवती बसून ऐकावे, असे ग्रंथ मराठीत फार नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा त्यांपैकी एक. सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील, आणि हाती आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकू न देणारे कविवर्य नारायण वामन टिळक, यांच्या हकिकती ऐकताना आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतात. हसावेच. मात्र वडिलांच्या त्या सोवळ्याच्या मुळाशी १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना झालेली फाशी आहे. त्या धक्क्याने हा मनुष्य असा झाला. लक्ष्मीबाई हे सांगतात आणि लगेच पुढच्या गमतीकडे वळतात. हा ग्रंथ कसा वाचावा, याची खूण आम्हाला येथेच सापडते.

आम्ही पडेगावची माणसे. शहरातून छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की आमचे गाव लागते. छावणीच्या आसपास ख्रिस्ती कुटुंबे जुनी. त्यामुळे या ग्रंथाचे दोन्ही प्रकारचे वाचक आम्हाला शेजारीच भेटतात. एक म्हणतो, काय विनोदी बाई! दुसरा म्हणतो, काय विश्वासाची बाई! पहिल्याला ग्रंथातला धर्म अडगळीसारखा वाटतो. तो पाने उलटून पुढे जातो. दुसरा त्यात ‘साक्ष’ शोधतो, म्हणजे संकट आले, प्रार्थना केली आणि संकट टळले, असा पुरावा शोधतो. आणि भांडणाची पाने तो उलटतो. आमच्या मते दोघेही अर्धाच ग्रंथ वाचतात.

ख्रिस्ती विश्वास संकटात आधार देतो, असे आपण ऐकत आलो आहोत. लक्ष्मीबाईंच्या घरी तो प्रथम संकट होऊनच आला. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या चरित्रकारांना येथे प्रकाश दिसतो. नाशिककडे नातेवाइकांत राहणाऱ्या त्यांच्या पत्नीला काय दिसले, हे मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावाचून कळत नाही. नवरा जिवंत आहे, आणि नाहीही. कपाळाला कुंकू आहे, पण घर नाही. पदरी लहान मुलगा, आणि भोवती आप्तांची दया. ही दयाच कित्येकदा अधिक बोचते. पाच वर्षे गेली अशी.

ही झळ एकट्या टिळकांच्या घराला लागलेली नाही. आमच्या मराठवाड्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. हेच शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने मिशनच्या हातून काढून आईबापांकडे परत दिले. आणि मग त्याला जातीत घ्यावे की नाही, यावर मोठे रण माजले. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तरी वाद शमला नाही. या प्रकरणावर त्या काळी पुष्कळ लिहिले गेले, ते सारे पुरुषांनी. श्रीपतच्या आईने त्या दिवसांत चूल कशी पेटविली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिले, हे त्यांचे मोठेपण.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या ग्रंथाच्या शेजारी ठेवून पाहावे. पदमनजी प्रामाणिक आणि अभ्यासू लेखक. त्यांच्या मनातली शंका, तिचे उत्तर, मग दुसरी शंका, असा क्रम त्यांत चालतो, आणि पंथ बदलणाऱ्या मनाचा आलेख म्हणून त्याची किंमत कमी नाही. लक्ष्मीबाईंकडे असा वादविवाद नाही. त्या टिळकांकडे परत आल्या त्या आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. एकाच घरात दोन धर्म आणि दोन पाण्याची भांडी! मग विचार करता करता, जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे त्यांचे त्यांनाच पटले. प्रथम जात गळाली, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यामागून फरफटत गेलेली बायको म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. टिळक पुढे गेले होते खरे; पण मधले अंतर त्या स्वतःच्या पायांनी चालल्या.

यापुढे त्यांच्या आयुष्यातली संकटे कमी झाली का? मुळीच नाही. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) प्लेग आला, तेव्हा माणसे जिवाच्या भीतीने पळत होती आणि टिळक दांपत्य रोग्यांमध्ये वावरत होते. ज्या घरात दोन वेळचे कसेबसे निघे, त्यात परक्याची नकुशी लेक म्हणून आली. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली; मनाने मोकळे झाले, पण पगार गेला. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. या सगळ्यात देवाने एखादे संकट वरच्यावर झेलल्याची हकिकत शोधणाऱ्याची निराशा होईल. मिळते ते वेगळेच. दारी आलेल्याला परत पाठवायचे नाही, ही एक हट्टी सवय; आणि जे घडले ते घडले तसे सांगायचे, टिळकांचा राग व लहरी झाकायच्या नाहीत, ही दुसरी. लक्ष्मीबाईंचा विश्वास आम्हाला या दोन सवयींत दिसतो. पतीला संत ठरविण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणूनच पतीवरच्या त्यांच्या प्रेमाविषयी शंका राहत नाही.

त्यांच्या बळाचा सर्वांत ठोस पुरावा मात्र ‘स्मृतिचित्रां’च्या बाहेर आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि दहा-अकरा अध्यायांवर ठेवून गेले. लिहिणे-वाचणे ज्यांना टिळकांनीच शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरे केले. १९३६ साली त्या वारल्या. ग्रंथ १९३८ साली निघाला. काव्य म्हणून ते सर्वत्र सारखे उंच नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण वैधव्यात, उतारवयात, दुसऱ्याने मांडलेला एवढा डाव पुरा करणे कशाच्या जोरावर होते, असा प्रश्न त्या चोपड्याकडे पाहून पडतोच.

दोषही सांगावयास हवेत. बाप्तिस्म्याच्या प्रसंगाजवळ लक्ष्मीबाई घाईत आहेत. ज्या बाईने घरातले एकेक भांडण पानपानभर रंगविले, ती आपल्या आयुष्यातील या वळणावर चार शब्दांत आटोपते. तेथे आम्हाला आणखी हवे होते. विनोदाचेही तसेच. काही ठिकाणी तो दुःखाला उजळ करतो, तर काही ठिकाणी त्यावर पदर ओढतो, आणि पदर ओढला आहे हे आपल्याला कळते. शेवटच्या भागात चिरंजीव देवदत्तांचा हात लागला आहे. त्यांची निष्ठा वंदनीय, परंतु आईचा आवाज त्यांच्या हाती राहिला नाही. असा आवाज वारशाने मिळत नाही.

घरी वाचायला घेताना शक्यतो संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. कापणाऱ्याच्या कात्रीत प्रथम भांडणे सापडतात, आणि या ग्रंथात ती कापली की विश्वासही पातळ होतो. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टीपांसह सिद्ध केलेली संपूर्ण आवृत्ती जाड आहे, पण तीच घ्यावी. पहिला भाग चार संध्याकाळी सहज संपतो. मुले मिठाच्या गोष्टीला थांबवून पुन्हा वाचायला सांगतील, तेव्हा वाचणाऱ्याने त्या फाशीचे वाक्यही गाळू नये.