‘आलं’ : घरातल्या वस्तू आणि एक क्रियापद

घरातल्या वस्तूंविषयी बोलताना आपण ‘येणे’ हे क्रियापद किती वापरतो, हे इतकी वर्षे मराठी शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. पितळेचा हंडा आजीच्या रुखवतात आला. वाटणीत शिसवी पलंग थोरल्या काकांकडे गेला आणि आमच्याकडे चौरंग आला. लोखंडी कपाट माझ्या लग्नात आले. वाक्यात कर्ता म्हणून वस्तू उभी असते. ती आणणारा माणूस कुठेच दिसत नाही. मागच्या दिवाळीआधी मुलाच्या खारघरच्या घरासाठी सामान घ्यायला आम्ही तुर्भ्याच्या आयकियाच्या दुकानात गेलो, तिथे हे क्रियापद माझ्यापुढे उभे राहिले. ते माझ्या बाजूने उभे राहील, अशी माझी समजूत होती.

आयकियाचे भारतातले पहिले दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये हैदराबादला उघडले, नवी मुंबईतले डिसेंबर २०२० मध्ये. कोल्हापूरहून तिथवर साडेतीनशेहून अधिक किलोमीटर पडतात, तरी आमच्याकडची माणसे तिथे भेटतातच. (राजारामपुरीतले एक परिचित भेटले, तेव्हा आम्ही दोघेही उगाचच ओशाळलो.) कंपनीच्या नावाची फोड मजेशीर आहे. इंग्वार काम्प्राद हे संस्थापकाचे नाव, एल्मतारीद हे त्याच्या घरचे शेत आणि आगुनारीद हे गाव. या चारांची आद्याक्षरे. आपल्याकडे नाव, वाडी आणि मूळ गाव सांगतात, त्यातलाच प्रकार. १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने हा उद्योग सुरू केला. पुढे मालालाही नावे मिळाली, ती बऱ्याच अंशी गावांची : पलंगांना नॉर्वेतल्या गावांची, गालिच्यांना डेन्मार्कमधल्या. गावाचा इतका सोस असलेल्या या दुकानातल्या मांडलेल्या खोल्यांना मात्र गाव नाही.

त्या खोल्या मी वाचायला गेलो होतो, असे म्हणणे अधिक खरे. डोक्यात झॉर्झ पेरेक या फ्रेंच लेखकाची १९६५ ची ‘ले शोज’, म्हणजे ‘वस्तू’, ही कादंबरी होती. तिच्या पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला एकही माणूस नाही. फक्त एक घर, त्यातले दिवाण, गालिचे, पुस्तकांची कपाटे. आणि हे सगळे वर्णन फ्रेंचमधल्या संकेतार्थी रूपात आहे : असते, दिसले असते, उजेड पडला असता. घर आधी येते, जेरोम आणि सिल्वी हे तरुण जोडपे मागाहून. ती दोघे बाजारपेठेच्या पाहण्या करून पोट भरतात, म्हणजे दुसऱ्यांना काय हवेसे वाटते ते विचारत फिरतात. दुकानातली प्रत्येक खोली पेरेकच्या त्या प्रकरणासारखी आहे, हे माझे पहिले टिपण. जमिनीवरच्या बाणांमागून चालत जावे आणि एकेका ‘असते तर’मध्ये पाच मिनिटे बसून उठावे.

दुसरे टिपण खोल्यांत काय नाही, याचे. मी पाहिलेल्या खोल्यांत खिळ्याला अडकवलेले ‘कालनिर्णय’ नव्हते, कपाटावर चढवून ठेवलेली बॅग नव्हती, हार घातलेला फोटो नव्हता. फडताळातल्या पुस्तकांच्या कण्यांवरची भाषा मला येत नव्हती. आपल्या संसाराचा अभ्यास कंपनीने केलेला नाही असे मुळीच नाही. हैदराबादचे दुकान उघडण्यापूर्वी तिच्या माणसांनी भारतातल्या हजारभर घरांना भेटी दिल्याचे तेव्हा छापून आले होते; त्यातूनच मसाल्याचा डबा आणि इडलीपात्र त्यांच्या फडताळावर आले. सवयी त्यांनी बरोबर टिपल्या. पण त्या घरात कुणाकडून काही आलेले नव्हते. सगळे एकाच दिवशी, एकाच वयाचे.

याच्या शेजारी मी महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ ठेवणार होतो. १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलेल्या या नाटकात धरणगावकर देशपांड्यांच्या दारात एक नादुरुस्त ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो. कुणाला तो चालवता येत नाही आणि कुणी तो हलवतही नाही. आपल्याकडची वस्तू अशी असते, तिच्यात काळ साठतो, असा माझा सिद्धान्त तयार होता. ‘येणे’ हे क्रियापद त्याचा व्याकरणातला पुरावा. पुढचा लेख मनातल्या मनात लिहीत मी एका दिवाणखान्यात बसलो होतो.

पत्नी पुढच्या खोलीत होती. दुकानात फुकट मिळणारी कागदी टेप घेऊन ती एका कपाटाची खोली मोजत होती आणि पेन्सिलीने आकडे लिहीत होती. मुलाच्या घराचे माप तिला पाठ होते. हे माप त्याचे नव्हते.

“हे कुठं ठेवायचं?” मी विचारले.

“आपल्याकडं. माझ्या खोलीत.”

“अगं, आपल्याकडं तुझ्या लग्नातलं कपाट आलंय की. अजून पंचवीस वर्षं जाईल.”

“अहो, आलंय काय सारखं म्हणता?” ती टेप गुंडाळत म्हणाली. “चालत आलं होतं का? बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून आणलं. रंगसुद्धा तुमच्या आत्यांनी सांगितलेला.”

सून आणि मुलगा बाजूच्या खोलीत पडदे बघण्यात गुंतल्यासारखे झाले.

आमचे लग्न १९८८ चे. सासरे प्राथमिक शिक्षक होते. ते कर्ज पाच वर्षांनी फिटले, हे मला त्या दिवशी परतीच्या वाटेवर कळले. हुंडा घेतला नाही, असे मी आजवर अभिमानाने सांगत आलो, आणि रूढ अर्थाने ते खोटे नाही. हुंड्याला बंदी करणारा कायदा १९६१ चा. रिवाजाने, न मागता दिलेल्या भेटवस्तू तो काही अटींवर बाजूला ठेवतो. आमच्या घरात ते काम कायद्याच्याही आधी भाषेने केले होते. ‘दिले’ म्हटले की कुणी, किती, कशातून, हे प्रश्न येतात. ‘घेतले’ म्हटले तर आमच्यावर येतात. ‘आले’ म्हटले की प्रश्नच संपतात. ज्याला मी वस्तूतला साठलेला काळ म्हणत होतो, तो एका माणसाच्या पगारातून दरमहा कापून गेलेला काळ होता.

मग खोल्या पुन्हा वाचाव्या लागल्या. त्यांच्यात काळ नाही हे माझे निरीक्षण मी मागे घेत नाही. पण काळ नसलेल्या त्या खोलीत छत्तीस वर्षे संसार केलेली एक बाई पहिल्यांदा स्वतःच्या मापाने काही निवडत होती, आणि तिच्यावर कुणाच्या वडिलांचे ओझे नव्हते, हेही त्याच खोलीत घडले. पेरेकचे संकेतार्थी रूप मी निव्वळ हाव म्हणून वाचत होतो. ज्याला निवडायला कधी मिळालेच नाही, त्याच्या तोंडी ‘असते तर’चा अर्थ वेगळा होतो. पेरेकच्या जोडप्याची ही अडचण नव्हती.

याचा अर्थ दुकानाला सगळे माफ, असा नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्टन, मोकॉन आणि अ‍ॅरिएली यांच्या प्रयोगात, आयकियाचे साधे खोके स्वतः जोडणाऱ्यांनी त्यासाठी ७८ सेंट मोजण्याची तयारी दाखवली. तयार खोके हाती आलेल्यांनी ४८. ग्राहकाने स्वतः काम करावे आणि त्यामुळेच वस्तू अधिक किमतीची मानावी, ही युक्ती नामी आहे. आमच्याकडे हे काम सुतार करायचा. महिनाभर पडवीत भुसा, फेविकॉलचा वास, दिवसातून दोनदा चहा, ‘उद्या संपतंय’ असे रोजचे आश्वासन. त्याचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्याच्याशी बोलणीही घरातले पुरुषच करीत. पण त्याच्या हातचे लाकूड पाण्यात टिकायचे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि शाहूपुरीत आमच्या घरी कमरेइतके पाणी होते. एका दुकानातून तयार घेतलेले भुशाच्या फळीचे टीव्हीचे टेबल दोन दिवसांत बिस्किटासारखे फुगले. चौरंग वाळवून पुन्हा वापरात आला. लोखंडी कपाट पायाशी गंजले, तेवढेच. शहरात पूर येऊ लागला की ज्या वस्त्यांतली माणसे आधी हलवावी लागतात, त्यांपैकी एकीचे नाव सुतारवाडा, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पत्नीला हे सगळे ठाऊक होते. पुराच्या त्या चिखलातून टेबलाचे तुकडे तिनेच बाहेर काढले होते. तरी तिने कपाट घेतले. पाय उंच असलेले बघून घेतले. गोदामाच्या रांगेचा आणि खणाचा आकडा तिने कागदावर लिहून माझ्या हाती दिला. लांबच लांब चपटी खोकी होती; मी आणि मुलाने ती गाड्यावर चढवली. जुन्या कपाटाचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही. माझे कागद त्यात हलवले आहेत, आणि त्याविषयी बोलताना घरात सध्या कुणी क्रियापद वापरत नाही.

कोल्हापूरला परतल्यावर मी नात्यातल्या घरी गेलो की एकच प्रश्न विचारू लागलो : हे कुणी आणले? अभ्यासाची पद्धत म्हणून हे कच्चे आहे, कबूल. पहिल्यांदा सगळीकडे ‘आलंय लग्नात’ हेच उत्तर मिळते. थोडे थांबले तर मग एखादे नाव निघते, बहुतेक वेळा बाईच्या तोंडून आणि हळू आवाजात. सुरुवात मी घरापासून केली होती. आई ८४ वर्षांची आहे. माजघरातल्या त्या हंड्याकडे बोट करून मी तिला विचारले, हा आजीच्या लग्नात कुणी आणला?

“तिच्या थोरल्या भावानं,” आई म्हणाली. “दावणीची म्हस इकली हुती त्यानं, भांड्यांपायी.”