अहंकेंद्री वाणी : पियाजे व व्हायगॉट्स्की यांच्या मतभेदाचा विचार

बालविकासाच्या उपपत्तींचा परिचय विद्यार्थ्यांना बहुधा कोष्टकरूपाने होतो. एका रकान्यात झाँ पियाजे यांच्या चार अवस्था, दुसऱ्यात लेव्ह व्हायगॉट्स्की यांचे निकट विकासाचे क्षेत्र. आणि पहिले व्यक्तीला प्राधान्य देणारे, दुसरे समाजाला, असा निवाडा शेवटी जोडलेला. अशा मांडणीने परीक्षेची सोय होते. परंतु या दोन उपपत्तींचा संघर्ष कोणत्या वस्तुस्थितीवरून झाला, हे त्यातून कळत नाही. तो संघर्ष प्रत्येक घरात आढळणाऱ्या एका साध्या गोष्टीवरून झाला. चार-सहा वर्षांचे मूल खेळताना किंवा चित्र काढताना कोणालाही उद्देशून नसलेले असे काही बोलत राहते. त्या बोलण्याचा अर्थ काय, हा तो प्रश्न होय.

या बोलण्याची पद्धतशीर नोंद करून त्याची मोजदाद करण्याचे श्रेय पियाजे यांचे आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या, बालकाची भाषा व विचार यांवरील ग्रंथात त्यांनी जिनिव्हा येथील रूसो संस्थेच्या बालशाळेतील सुमारे सहा वर्षांच्या दोन मुलांचे महिनाभराचे बोलणे तपासले. पुनरुक्ती, स्वगत आणि सामूहिक स्वगत हे तीन प्रकार एकत्र धरले असता उत्स्फूर्त बोलण्यापैकी एका मुलाचे शेकडा ४७ व दुसऱ्याचे शेकडा ४३ बोलणे या सदरात मोडत होते. पियाजे यांनी त्याला अहंकेंद्री वाणी म्हटले. आपला दृष्टिकोण हा अनेकांपैकी एक आहे, हे मुलाला उमगलेले नसते. म्हणून ऐकणाऱ्याला कळते की नाही याची ते फिकीर करीत नाही. सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास सहकार्याची क्षमता वाढते आणि ही वाणी ओसरते. या विवेचनानुसार ती अपक्वतेची खूण ठरते. मुलाच्या कृतीत तिला काही कार्य उरत नाही.

व्हायगॉट्स्की यांनी वस्तुस्थिती मान्य केली, अर्थ मात्र उलटा लावला. वाणी मुळातच सामाजिक असते. इतरांशी बोलण्याचे साधन मूल पुढे स्वतःच्या कृतीचे नियमन करण्यासाठी वापरू लागते आणि अखेरीस ती वाणी आत वळून विचाराचे अंग बनते. अहंकेंद्री वाणी ओसरते असे जे वाटते, ते तिच्या ऐकू येणाऱ्या अंगापुरतेच खरे आहे. उत्तरोत्तर ती अधिक त्रोटक व परक्याला अधिक दुर्बोध होत जाते. केवळ नष्ट होणारी गोष्ट अशी बदलत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या मतभेदाचे मोल असे की, तो शब्दांपुरता राहिला नाही. व्हायगॉट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी निर्माण केल्या. चित्र काढताना हवी असलेली रंगीत पेन्सिल मुलाला मिळू दिली नाही. अशा वेळी अहंकेंद्री वाणीचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. दुसऱ्या प्रयोगमालेत मुलाला मूकबधिर किंवा परभाषी मुलांमध्ये बसविले गेले. ही वाणी अपुऱ्या सामाजिकतेचे फळ असती, तर श्रोत्याचा आधार सुटल्यावर ती वाढावयास हवी होती. उलट ती झपाट्याने घटली. आपले बोलणे समजून घेतले जात आहे हा भास नाहीसा होताच ती मंदावते, याचा अर्थ तिचे मूळ सामाजिक वाणीतच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

व्हायगॉट्स्की १९३४ साली क्षयाने निवर्तले आणि त्यांचा विचार व वाणी यांवरील ग्रंथ त्याच वर्षी प्रकाशित झाला. १९३६ साली सोव्हिएत शासनाने बालशास्त्राविरुद्ध काढलेल्या फर्मानानंतर तो मागे पडला. १९५६ साली तो रशियनमध्ये पुन्हा छापला गेला आणि १९६२ साली त्याचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर निघाले. त्या निमित्ताने पियाजे यांनी लिहिलेले उत्तर अभ्यासकांनी अवश्य वाचावे असे आहे. अहंकेंद्री वाणी ही अंतर्वाणीचा आरंभ होय, हे त्यांनी स्वीकारले. परंतु दुसऱ्याच्या दृष्टिकोणाशी आपल्या दृष्टिकोणाचा मेळ घालता न येणे हा विचारातील वास्तविक अडथळा आहे आणि व्हायगॉट्स्की यांना त्याचे महत्त्व जाणवले नाही, हा आक्षेप त्यांनी कायम ठेवला. तो रास्त आहे. मुलाची वाणी कार्यक्षम आहे एवढ्याने त्याचा विचार अहंकेंद्री नाही, हे सिद्ध होत नाही. शिवाय पियाजे यांना समाजाचे भान नव्हते, असेही म्हणता येत नाही. नैतिक निर्णयावरील त्यांच्या १९३२ च्या ग्रंथात समवयस्कांच्या सहकार्याला मध्यवर्ती स्थान आहे.

पुराव्याच्या बाजूने पाहता दोघांतही उणिवा दिसतात. पियाजे यांचे मूळ आकडे एकाच शाळेतील दोन मुलांचे. व्हायगॉट्स्की यांच्या प्रयोगवृत्तांतात मुलांची संख्या, निवड व नोंदीची रीत यांचा तपशील फारच थोडा. लॉरेन्स कोलबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी मात्र तराजू एका बाजूस झुकविला. ही वाणी वयाबरोबर नुसती घटत नाही. आधी वाढते, मग घटते. आणि बुद्धिमान मुलांत तिचा उत्कर्ष लवकर होतो. निव्वळ अपक्वतेच्या खुणेची वाटचाल अशी असणार नाही. तेव्हा वाणीच्या कार्याविषयी व्हायगॉट्स्की, व विचाराच्या मर्यादेविषयी पियाजे, असे दोघांचे ऋण वेगवेगळे मानणे युक्त ठरते.

मराठी मुलांवर संशोधन करणाऱ्याने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कर्ता गळून केवळ विधेय उरणे हे व्हायगॉट्स्की यांनी अंतर्वाणीचे प्रमुख लक्षण मानले आहे. मराठीत ‘पडली’, ‘आलो’, ‘नको’ ही रूपे रोजच्या संभाषणातही कर्त्यावाचून सर्रास येतात, कारण क्रियापदाच्या रूपातूनच लिंग, वचन किंवा पुरुष समजतो. म्हणून कर्तृलोप मोजून अंतर्वाणीचा आरंभ ठरविणे मराठीत फसवे होईल. त्याच मुलाचे दुसऱ्याला उद्देशून केलेले बोलणे शेजारी ठेवून तुलना करणे हाच विश्वसनीय मार्ग होय. वर्गाने एका सुरात म्हटलेले पाढेही या सदरात घालता येणार नाहीत. ते ठरवून दिलेले पाठांतर आहे, मुलाने स्वतःच्या कामासाठी काढलेले शब्द नव्हेत.

या प्रश्नाचा निर्णय ग्रंथालयापुरता मर्यादित नाही. गणित सोडविताना पुटपुटणाऱ्या मुलाला ‘मनातल्या मनात कर’ असे बजावणारा शिक्षक कळत-नकळत एक उपपत्ती स्वीकारीत असतो. ती वाणी निरुपयोगी असेल तर त्याच्या आज्ञेने वर्गात शांतता येण्यापलीकडे काही घडत नाही; पण ती विचाराचे साधन असेल, तर गणित अवघड असताना नेमके तेच साधन तो मुलाच्या हातून काढून घेतो. आजवरचा पुरावा दुसऱ्या पक्षाकडे कलतो. प्राथमिक शाळांतील शिस्तीचे नियम ठरविताना त्याची दखल घेतली जाणे आवश्यक आहे.